सुचलेली कविता आणि मागितलेली कविता

कविता कशी जन्माला येते, हा प्रश्न जुना आहे आणि मराठी भाषेने त्याचे उत्तर देताना एका क्रियापदावर समाधान मानलेले नाही. कविता सुचते, कविता होते. तशीच ती करतात, रचतात, बांधतात आणि लिहितात. 'मला कविता सुचली' असे म्हणणारा मनुष्य त्या वाक्यात चतुर्थी विभक्तीत उभा असतो. म्हणजे तो देणारा नसतो, घेणारा असतो. 'मी कविता रचली' असे म्हणताच तो कर्ता होतो, कारागिरांच्या रांगेत जाऊन बसतो. या दोन वाक्यांपैकी सर्वसाधारण वाचकाला पहिले वाक्य आवडते. सुचलेली ती खरी कविता आणि कोणीतरी सांगितले म्हणून केलेली ती जुळवाजुळव, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. आमच्या धर्मग्रामांतून तर ती अधिकच घट्ट रुजलेली आढळते, कारण तेथे 'सुचणे' या शब्दाला भक्तीचेही पाठबळ मिळते. देवाने सुचविले, मग त्यात मनुष्याने हात कशाला घालायचा?

या समजुतीची झळ प्रत्यक्षात कोठे लागते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नव्हे. धर्मगुरूच्या टेबलावर कविता येतात. पहिल्या ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या येतात, गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवाच्या येतात, धर्मग्रामाच्या सणाच्या येतात. पण सर्वांत अधिक येतात त्या मृत्यूनंतरच्या. वडील जाऊन महिना झालेला असतो, मिस्साच्या वेळी वाचण्यासाठी किंवा स्मृतिपत्रिकेवर छापण्यासाठी मुलगी चार कडवी लिहून आणते. कागदावर डोळ्यांतले पाणी पडून शाई पसरलेली असते. आणि कडव्यांत 'मायेचा सागर', 'वटवृक्षाची छाया', 'विझलेला दीप' हे शब्द असतात. गेल्या महिन्यात दुसऱ्या घरातून दुसऱ्या वडिलांसाठी आलेले तेच शब्द. दुःख तिचे स्वतःचे, शब्द मात्र कोणाचेही. हे तिला सांगावे काय? सांगितलेच, तर 'फादर, हे मनापासून आले आहे, त्यात बदल कसा करू?' असे उत्तर येते, आणि त्या उत्तरापुढे सहसा कोणी बोलत नाही. आमच्या मते बोलले पाहिजे. मात्र बोलण्यापूर्वी, कविता मनापासून येते म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा शोध घेतला पाहिजे.

त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकेकाळी एकच होते. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला गेला आणि १९६० पासून त्याला सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, सातारा, कऱ्हाड करीत सांगलीला येते. या खोऱ्याने आणि त्याच्या पूर्वेच्या कोरड्या माणदेशाने मराठीला दिलेले कवी पाहिले, तर कवितेच्या जन्माविषयी परस्परविरोधी वाटणारी साक्ष मिळते. मर्ढे हे मर्ढेकरांचे मूळ गाव साताऱ्याचे. कवी यशवंत चाफळचे, शिकले ते सांगलीत. माडगूळकरांचे माडगूळे आटपाडी तालुक्यातले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली अखेरची वर्षे साताऱ्यात काढली. या सर्वांना एका सूत्रात ओवण्याचा आमचा हट्ट नाही. काहींच्या दाराशी थांबू, काहींना वाटेत नमस्कार करून पुढे जाऊ.

अधिक थांबायचे ते ग. दि. माडगूळकरांपाशी. मागणीवरून केलेली कविता खोटी असते, या समजुतीला त्यांच्याइतके सबळ उत्तर मराठीत दुसरे नाही. ते १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे जन्मले. त्यांनी दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांसाठी लेखन केले, आणि चित्रपटाचे गीत म्हणजे मागणीचा कळस. प्रसंग दुसऱ्याचा, चाल पुष्कळदा आधीच ठरलेली, निर्माता बाहेर ताटकळत बसलेला. 'लोकशाहीर रामजोशी' या १९४७ च्या चित्रपटासाठी त्यांना जुन्या शाहिरीच्या शेजारी शोभेल अशी रचना करावी लागली. दुसऱ्या चित्रपटात अभंग हवा, तिसऱ्यात अंगाईगीत. अशा माणसाकडे पुण्याच्या आकाशवाणी केंद्राच्या वतीने सीताकांत लाड यांनी १९५५ साली मागणी केली की, वर्षभर दर आठवड्याला एक गीत चालेल अशी मालिका द्यावी. त्यातून 'गीतरामायण' झाले. १ एप्रिल १९५५ रोजी, शुक्रवारी, रामनवमीच्या दिवशी पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, मालिका पूर्ण झाली. वर्षाच्या हिशेबाने गीते बावन्न व्हायची. त्या वर्षी अधिक महिना आला आणि ती छप्पन्न झाली. महाकाव्याची लांबी पंचांगाने वाढविल्याचे हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे! स्वरयोजना सुधीर फडके यांची होती.

पहिल्याच गीताची हकीकत प्रसिद्ध आहे. ती अनेकांनी सांगितली आहे आणि तपशिलात थोडाफार फरक असला तरी गाभा एकच आहे. लिहून दिलेले गीत ऐन वेळी सापडेना. कार्यक्रम तोंडावर आलेला. तेव्हा लाडांनी माडगूळकरांना एका खोलीत बसविले, दार लावून घेतले आणि गीत पुन्हा लिहून झाल्यावरच ते उघडले. थोड्याच वेळात गीत तयार झाले. हा किस्सा आपल्याकडे चमत्कार म्हणून सांगितला जातो. ऐकणारे म्हणतात, पाहा, कसा प्रतिभेचा झरा! आम्हांस मात्र त्यात दुसरेच काही दिसते. बंद खोलीत त्या थोड्या मिनिटांत माडगूळकरांना जे सुचले, ते त्या खोलीत सुचलेले नव्हते. माणदेशातल्या घरात आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्या, गावच्या देवळातले कीर्तन, भजनी मंडळींचा ठेका, औंध संस्थानातल्या शाळेचे दिवस, आणि त्यानंतर चित्रपटाच्या मागण्या पुरविताना हाताला लागलेले वळण, हे सारे त्या खोलीत त्यांच्याबरोबर कोंडले गेले होते. दाराची कडी बाहेरून लागली होती. कोठार आत भरलेले होते.

याच मालिकेतल्या रामजन्माच्या गीताची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ते काही केल्या मनासारखे उतरेना. रात्र सरत चालली, कागद फाटत राहिले. पत्नीने काळजीने विचारले, तेव्हा माडगूळकरांनी उत्तर दिले ते अशा अर्थाचे, की जन्माला राम यायचा आहे, तुमचा माडगूळकर नव्हे, तेव्हा वेळ लागायचाच. माणूस तोच, मागणी तीच, मालिका तीच. एक गीत मिनिटांत झाले आणि दुसऱ्याने रात्र घेतली. ज्यांना सुचलेली आणि रचलेली अशा कवितेच्या दोन जाती मानायच्या आहेत, त्यांनी ही दोन गीते शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत आणि कोणते सुचलेले व कोणते रचलेले ते कानांनी सांगावे. आम्हांस ते सांगता आलेले नाही.

गीतरामायणाचे सर्वच्या सर्व छप्पन्न भाग सारखे उतरले आहेत, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. काही गीते केवळ कथा पुढच्या आठवड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी आलेली आहेत, आणि फडक्यांची चाल नसती तर ती आज किती जणांच्या ओठांवर राहिली असती, याची शंका वाटते. पण कवीने आरंभी घेतलेला एक निर्णय इतका नेमका होता, की त्याने सारी मालिका तोलून धरली. रामकथा आपण सांगायची नाही. ती त्या त्या प्रसंगातल्या माणसाने, आपल्या तोंडाने, त्या क्षणी बोलायची. कुश आणि लव पित्यासमोर गायला उभे राहतात आणि मग दशरथ, कौसल्या, भरत, शबरी, सीता असे एकेक जण आपल्या दुःखाने वा आनंदाने बोलते होतात. येथे भावना सांगितली जात नाही; भावना ज्याची आहे तो उभा केला जातो. हा निर्णय सुचला म्हणावे की केला म्हणावे? हा भेद येथे उरतच नाही.

माडगूळ्याच्या शिवारात त्यांची एक पत्र्याच्या छपराची साधी जागा होती. 'बामणाचा पत्रा' या नावाने ती ओळखली जाते. पुण्याची धावपळ टाकून ते तेथे लिहायला येत. मागणी पुण्यात असे, पण ती पुरविण्यासाठी कवीला शेताकडे यावेसे वाटे, ही गोष्ट कवितेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मागणी आणि साठा यांची ही गाठ केवळ माणदेशातलीच आहे असे नाही. आपल्या ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास पाहा. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कोणा एका पहाटे सुचला नाही. जुनी पुराणे सोडून आलेल्या नव्या भाविकांनी, आम्हांला वाचायला, ऐकायला आता काय आहे, असा प्रश्न केला. त्या मागणीतून तो उभा राहिला. पण मागणी होताच स्टीफन्स लिहायला बसले आणि मोकळे झाले, असेही नव्हे. मधे बरीच वर्षे होती. त्या वर्षांत एक इंग्रज जेझुइट मराठी कानांनी ऐकायला शिकला, ओवीचा श्वास कोठे थांबतो आणि कोठे सुटतो हे त्याने ओळखले. मागणी लोकांची, साठा त्यांच्याच भाषेतून मिळविलेला, आणि कष्ट स्वतःचे.

तीनशे वर्षांनंतर त्याच जेझुइट संघातल्या दुसऱ्या एका इंग्रजाची कथा याहून विलक्षण आहे. जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८६८ साली संघात प्रवेश करताना आपल्या कविता जाळल्या. कविता आपल्या पाचारणाच्या आड येईल, असे त्यांना वाटले. वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज लिहायचे नाही, असे ठरवून ते सुमारे सात वर्षे जवळजवळ गप्प राहिले. डिसेंबर १८७५ मध्ये 'डॉइशलँड' हे जहाज थेम्स नदीच्या मुखाजवळ बुडाले. त्यात जर्मनीतून हद्दपार झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी होत्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये ईशज्ञान शिकत होते. वृत्तपत्रातली ती बातमी वाचून ते हलून गेले. तेथील रेक्टर सहज म्हणाले, यावर कोणीतरी कविता लिहावी. एवढे वाक्य पुरेसे झाले. एक नवी लय कित्येक दिवसांपासून त्यांच्या कानांत घुमत होती. तिला आता अंग मिळाले. कविता तयार झाली, ती संघाच्याच मासिकाकडे गेली आणि तेथून नाकारली गेली. १८८९ मध्ये ते वारले. रॉबर्ट ब्रिजेस या मित्राने त्यांच्या कवितांचे पुस्तक काढले ते १९१८ साली. सांगण्याचा मुद्दा असा, की वरिष्ठांच्या एका वाक्याने कविता झाली नाही आणि कानांतल्या लयीनेही एकटीने झाली नाही. सात वर्षे दोघांनी एकमेकांची वाट पाहिली.

येथवर आम्ही मागणीची बाजू मांडली. पण मागणीवरून केलेली प्रत्येक रचना कविता होते, असे मानले तर आमच्या टेबलावरचा प्रश्न तसाच राहील. मागणीही आहे, दुःखाचा साठाही आहे, तरी ती चार कडवी कविता का होत नाहीत? याचे उत्तर शोधताना कृष्णेच्या काठचा दुसरा कवी उपयोगी पडतो.

बा. सी. मर्ढेकर १९०९ साली खानदेशात फैजपूर येथे जन्मले. घराणे मर्ढ्याचे, मूळ आडनाव गोसावी. विलायतेत राहून आले, नभोवाणीच्या नोकरीत रमले आणि १९५६ साली दिल्लीत, वयाची पन्नाशीही न गाठता वारले. मराठीत कवितेची प्रक्रिया तर्काने उलगडू पाहणारा एवढा मोठा कवी दुसरा झाला नाही. 'वाङ्मयीन महात्मता' हे त्यांचे छोटे पुस्तक १९४१ चे, आणि 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ चे. या दुसऱ्या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांची भाषा कठीण आहे, हे खरे. आमच्यासारख्या, थोमस अक्विनासचे लॅटिन गिरविलेल्या माणसालाही ती सोपी गेली नाही. पण त्यांचा एक विचार प्रत्येक घरात समजावा असा आहे. त्याला त्यांनी 'भावनानिष्ठ समतानता' असे नाव दिले. सोप्या शब्दांत सांगायचे तर असे: कवीच्या मनात एक भावना असते. तिचे नाव घेऊन ती वाचकाच्या मनात उतरत नाही. 'मी दुःखी आहे' या वाक्याने वाचक दुःखी होत नाही. त्याला एक माहिती कळते, एवढेच. म्हणून कवी बाहेरच्या जगात अशी एखादी वस्तू, असे दृश्य शोधतो, की जिचा भावनेच्या पातळीवर त्याच्या अनुभवाशी तोल जुळेल. वरवर पाहता त्या दोहोंत काही साम्य नसेलही. दोन तारा एका सुरात लागाव्यात तशी ती भावनेने सारखी असतात. इंग्रजीत टी. एस. एलियट यांनी १९१९ साली याच्या जवळपासचा विचार मांडला होता. मर्ढेकरांनी तो आपल्या सौंदर्यशास्त्रात स्वतःच्या पद्धतीने घडविला.

या विचाराचा पुरावा त्यांच्या स्वतःच्या दोन संग्रहांत सापडतो. 'शिशिरागम' १९३९ चा. त्यातली व्यथा खरी आहे, यात संशय नाही. पण ती बोलते तेव्हा बालकवींच्या आणि त्या काळातल्या इतरांच्या शब्दांत बोलते. त्यानंतर आठ वर्षे गेली. महायुद्ध झाले, मुंबईच्या गिरण्या, गर्दी, यंत्रे पाहून झाली. १९४७ साली 'काही कविता' आली आणि मराठी वाचक दचकला. पिंपात मरून पडलेले उंदीर कवितेत आले. कोणी उंदरांवर कविता करते काय, असे लोक म्हणाले. काही कवितांवर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून कवी निर्दोष सुटला. पण ज्याने युद्धानंतरच्या माणसाची मुकी, गुदमरलेली अवस्था अनुभवली होती, त्याला 'मानव किती दुःखी आहे' असे लिहिता आले असते. त्याऐवजी त्याने पिंप शोधले. तेच खरे सुचणे. आणि त्यातही लक्षणीय गोष्ट अशी, की हा यंत्रयुगाचा अनुभव मांडताना त्याने अनेक ठिकाणी छंद निवडला तो अभंगाचा आणि ओवीचा. तुकोबांचा साचा, आतला ऐवज गिरणगावचा. सहाशे वर्षांची घडी घातलेली ती चौकट नव्या भाराने मोडली नाही.

मर्ढेकरांशी आमचा एका ठिकाणी मतभेद आहे. कवितेचा विचार करताना ते कवीचे जीवन बाजूला ठेवू पाहतात. कलाकृती ही आपल्या घटकांच्या संवाद, विरोध आणि समतोल यांवर उभी असते, म्हणतात. परीक्षकाने एवढे शिस्तीचे असावे, हे ठीक. पण ज्या घरी मृत्यू झाला आहे त्या घरच्या कवितेपुढे धर्मगुरूला ही शिस्त पूर्णपणे पाळता येत नाही. तेथे लिहिणाराच आपल्यासमोर बसलेला असतो.

तर त्या मुलीच्या कवितेकडे परत येऊ. समजा, तिचे वडील मिरजेला रेल्वेत होते. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी गाडीची शिट्टी ऐकू आली की मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आणि गाडी वेळेवर असेल तर मान हलवीत. आता घड्याळ कपाटात आहे, शिट्टी ऐकू येते आणि घरात कोणीच मान हलवीत नाही. हे तिला ठाऊक आहे. बोलताना ती हे सांगते, आणि सांगताना रडते. पण लिहायला बसली की घड्याळ, शिट्टी, कपाट सारे बाजूला सारते, आणि वटवृक्ष आणते. कारण कवितेत वटवृक्ष असावा लागतो, असे तिला कोणीतरी शिकविलेले आहे. म्हणजे मनापासून जे आले ते तिने कागदाबाहेर ठेवले, आणि कागदावर जे उतरले ते मनापासून आलेले नव्हते, सवयीने आलेले होते. हे तिला समजावून सांगणे म्हणजे तिच्या दुःखात ढवळाढवळ करणे नव्हे. उलट, तुझे दुःख या शब्दांहून मोठे आहे, असे तिला सांगणे आहे.

कोणी म्हणेल, दुःखाच्या वेळी एवढी कारागिरी कोणाला सुचते? त्यांनी जुन्या करारातले विलापगीत पुन्हा उघडून पाहावे. यरुशलेमचा विध्वंस झाला आहे, रस्ते ओस पडले आहेत, मुले भुकेने मरत आहेत. याहून मोठा शोक कोणता? आणि त्या ग्रंथाचे पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक अक्षराला तीन ओळी देऊन सहासष्ट वचने केलेली आहेत. भाषांतरात हे दिसत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. शोक करणाऱ्याने अक्षरे मोजली, म्हणून त्याचा शोक खोटा ठरला काय? उलट, अनावर दुःखाला 'अलेफ'पासून 'ताव'पर्यंत चालत नेणारी ती चौकट नसती, तर कदाचित केवळ आक्रोश उरला असता. संत लूकही आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिलला सांगतो की, सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून त्या क्रमवार लिहीत आहे. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिणाऱ्याला शोध करावा लागला, क्रम लावावा लागला. मग आपल्या धर्मग्रामाच्या सणाचे गीत लिहिणाऱ्याने दुसरा खर्डा करायला का लाजावे?

खर्डा हा शब्द आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. कविता एकट्याने लिहायची असली तरी ती एकट्यानेच ऐकायची नसते. चाफळचे यशवंत १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळात होते. ही कवी मंडळी रविवारी जमत, चहा घेत आणि एकमेकांच्या कविता ऐकून बरे-वाईट बोलत. त्या मंडळाची पुढे बरीच थट्टा झाली, आणि त्यातली काही थट्टा रास्तही होती. पण कविता छापण्यापूर्वी जाणत्या कानांवर घालण्याची त्यांची सवय थट्टेचा विषय होऊ नये. सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठच्या औदुंबरला कवी सुधांशूंच्या गावी दर मकर संक्रांतीला साहित्य संमेलन भरते. स्वातंत्र्यापूर्वीपासूनची ही परंपरा. तेथे खेड्यापाड्यातले नवे कवी येतात आणि आपली कविता उघड्यावर म्हणतात. झाडाखाली, नदीच्या काठी, समोर शेतकरी, शिक्षक बसलेले असता कविता म्हणताना कोठे लय अडखळते ते म्हणणाऱ्यालाच आधी कळते. आमच्या धर्मग्रामांत गायकवृंद आहेत, महिला मंडळे आहेत. पण एखाद्या घरच्या कवितेवर प्रेमाने चार शब्द बोलणारी बैठक कोठे आहे? छापून आल्यावर 'छान झाली' म्हणणारे पुष्कळ, छापण्यापूर्वी 'हा शब्द बदल' म्हणणारा दुर्मीळ.

आता साताऱ्याच्या टिळकांपाशी येऊन थांबतो. ते आपल्या पंथाचे नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मराठीत प्रभूचे नाव गोड करणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे, हेही ठाऊक आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यास येऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत, आणि त्यांच्या अभंगांत ती वाट स्पष्ट दिसते. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईत निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' दहाअकरा अध्यायांवर अपुरे राहिले.

सुचण्याच्या सिद्धान्ताप्रमाणे ते तेथेच संपायला हवे होते. ज्याला सुचत होते तो गेला; दुसऱ्याचे सुचणे पुढे कोण चालविणार? पण ते पुढे चालविले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेली, लग्नानंतर पतीकडूनच अक्षरे शिकलेली ही बाई. तिला कोणी कवयित्री म्हणून निमंत्रण दिले नव्हते. मागणी होती ती एका अपुऱ्या हस्तलिखिताची. तिने साठांहून अधिक अध्याय रचले. या अध्यायांत टिळकांचे पांडित्य नाही, आणि तिने ते आणण्याचा आवही आणलेला नाही. जी बोली 'स्मृतिचित्रे' लिहिताना तिच्या हाती होती, घरातली, चुलीजवळची, हसता हसता डोळे पुसणारी, तीच तिने येथेही वापरली. विद्वानांना हे दोन हात वेगळे ओळखू येतात. आम्हांस तो दोष वाटत नाही. तिने वटवृक्ष उसना आणला नाही, एवढे आमच्यासाठी पुष्कळ आहे.

१९३६ च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई वारल्या, तेव्हाही थोडे राहिलेच होते. ते त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केले. १९३८ साली 'ख्रिस्तायन' छापून बाहेर पडले.